इंजिनाचं साटंलोटं

रेवतीची गाडी बांधून पूर्ण झाली त्या दिवसापासून खोतांचं घर मागं सरकायला लागलं.

गाडी अंगणात शेवग्याखाली उभी होती. पाइपांचा सांगाडा रेवतीनं स्वतः जोडला होता. फायबरची बॉडी, चाकं, दिवे, स्टिअरिंग हे सगळं मोठमोठ्या पेट्यांतून आलं होतं आणि तिनं एकेक करून बसवलं होतं. इंजिन तेवढं नव्हतं. असल्या पेट्यांत इंजिन येतच नाही. ते कुठल्यातरी जुन्या गाडीतून उतरवून आणायचं असतं. आणि ज्या गाडीला सगळं आहे, फक्त इंजिन नाही, तिला जायचं तर असतं, पण हलता येत नाही. अशा वेळी ती जागेवर राहते आणि बाकीचं हलतं.

रेवतीचे वडील श्रीपती अण्णा सकाळी दार उघडायचे तेव्हा पायरी आणि गाडी यांच्यातलं अंतर वाढलेलं असायचं. आधी त्यांना ते बरं वाटलं. अंगण ऐसपैस दिसायला लागलं होतं. पण घराच्या मागं दगडाची जुनी खण होती, हिरव्या पाण्यानं भरलेली. एका सकाळी त्यांच्या बायकोनं, मालननं, मागच्या दारातून तांदळाचं धुवण टाकलं आणि ती कान देऊन उभी राहिली. पाणी पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

"कोथिंबीर गेली," ती आत येऊन म्हणाली.

"कुठं?" अण्णांनी विचारलं.

"खाली."

अण्णांनी चहा संपवला. रेवती जमिनीवर बसून गाडीच्या पुढच्या रिकाम्या जागेचं चित्र काढत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आजच इंजिन आणलं पाहिजे, अण्णा. स्वयंपाकघर गेलं की मग घराला थांबायला काही उरत नाही."

"मग चल की. मी येतो. सोयरीक करायची म्हटल्यावर मोठं माणूस पाहिजे संगं."

हे ते गमतीनं म्हणाले नव्हते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यापासून अण्णांचा सगळा वेळ सोयरिकी जुळवण्यात जायचा. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न ठरो, बैठकीत शेवटी अडकित्ता अण्णांच्याच हातात यायचा. सुपारी तेच फोडायचे. ती फुटली की बोलणं संपलं, असा रिवाज होता.

मालन म्हणाली, "तुम्ही जावा दोघं. मी उंबऱ्यावर बसते. कुणी बसलं की जरा हळू सरकतं."

ती शेंगांची बुट्टी घेऊन उंबऱ्यावर बसली आणि तिनं दोन्ही पाय पायरीला लावून घट्ट रोवले.

*

उतरवलेली इंजिनं नदीपलीकडच्या माळावर राहतात. तिथं त्यांच्या घरच्यांनी पत्र्याची छपरं घातली आहेत. दुपारी ऊन लागू नये म्हणून इंजिनांवर ओल्या गोणपाटाचे तुकडे टाकलेले असतात, आणि जवळून कुणी गेलं की काही इंजिनं हळूच टिकटिक करतात.

पहिलं पाहिलं ते टॅक्सीचं. बाजेवर ठेवलं होतं. त्याचा म्हातारा मालक म्हणाला, "ह्येला रस्ता सांगायला लागत न्हाई. झोपंत सुद्धा स्टँडला जाऊन येतंय."

त्यानं ते चालू केलं. आवाज चांगला होता. रेवतीनं वरची नळी बघायला हात उचलला, तसं ते थांबलं. तिनं हात खाली घेतला, ते चालू झालं. परत उचलला, परत थांबलं.

"हात केला की थांबायचंच की," म्हातारा म्हणाला. "धंदा हाय त्याचा."

"आणि कुणी ओळखीच्यानं रस्त्यात हात केला तर?"

"तर थांबंल. बसवून घ्या त्यास्नी. गाडी मोठी न्हाई काय तुमची?"

"दोघंच बसतात," रेवती म्हणाली आणि पुढं निघाली.

दुसरं रुग्णवाहिकेचं होतं. रेवतीनं मोजायचा टेप लावला आणि तिचा चेहरा उजळला. लांबी, रुंदी, खालचे पाय, सगळं तिच्या चित्राप्रमाणं. मालकीण चाळिशीची बाई होती.

"चालू करा की, ताई," अण्णा म्हणाले.

बाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "जरा आडवं पडता का, पावणं?"

अण्णा धोतर सावरून मातीत आडवे झाले. इंजिन त्याच क्षणी सुरू झालं. असं गोड, एकसारखं फिरणारं इंजिन रेवतीनं आजवर ऐकलं नव्हतं. ती डोळे मिटून ऐकत राहिली. अण्णा उठून बसले तसं ते बंद पडलं.

"डोळं मिटून पडलं तर आणखी जोरात पळतंय," बाई म्हणाली.

रेवती बराच वेळ वडिलांकडं बघत राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते अण्णांना दिसत होतं, आणि त्यांना जरा भीतीही वाटली.

"जवळच्या जवळ जायचं असलं तर मी पडीन, पोरी," ते म्हणाले. "लांबच्याला अवघड हाय."

"नको," रेवती म्हणाली. "तुम्ही एखाद्या दिवशी उठणारच नाही."

तेवढ्यात अण्णांचा फोन वाजला. मालन होती. तिच्या बोलण्यामागं कसलातरी कुरकुर आवाज येत होता, ओला दोर ताणल्यावर येतो तसा.

"मोरी गेली," ती म्हणाली. "तुम्ही निवांत बघून घ्या. घाई करून चुकीचं नको. पण अंधार पडायच्या आत आणा."

*

बापू इंगवल्यांचं छप्पर माळाच्या टोकाला होतं. समोर एक पांढरी दुधाची गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. आत काही नव्हतं. इंजिन टेकवायची चार रबरं तेवढी होती, कुणाचीतरी वाट बघत असल्यासारखी.

बापूंनी सतरंजी घातली. त्यांची बहीण हौसाक्का आतून इंजिन घेऊन आली. ते एका पाटावर होतं आणि त्याच्याभोवती वाकळ गुंडाळलेली होती. तिनं वाकळ खांद्यापर्यंत उतरवली. म्हणजे इंजिनाला खांदे नसतात, पण असते तर जिथं असते तिथपर्यंत. इंजिन धुतलेलं होतं आणि त्याला जरा तेल लावलेलं होतं.

अण्णा सावरून बसले. इथून पुढचं त्यांना पाठ होतं.

"तेल कितपत?"

"बेताचं," बापू म्हणाले.

"तापट?"

"चढाला जरा. उतारावर काय म्हणणं न्हाई."

"सवयी?"

"पहाटे उठतंय. दुधाच्या गाडीतलं, दारोदार गेलेलं. माणसात राहिलंय."

इंजिन मान खाली घातल्यासारखं पाटावर बसलं होतं. रेवतीनं पिशवीतून लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. मेकॅनिक लोक असंच ऐकतात. मग तिनं टेप लावला, चित्र बघितलं, परत टेप लावला.

"बसतंय, अण्णा," ती हळूच म्हणाली. "हेच."

अण्णांना एवढं हलकं वाटलं, की समोर तबक केव्हा आलं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. तबकात पानं होती, मधोमध एक सुपारी होती आणि अडकित्ता त्यांच्याकडं मूठ करून ठेवलेला होता. बापू काहीतरी सांगायला घसा खाकरत होते. पण मूठ आपल्याकडं करून ठेवलेला अडकित्ता अण्णांनी उभ्या आयुष्यात कधी तसाच राहू दिला नव्हता. त्यांचा हात पुढं गेला. कट् असा आवाज झाला.

मग हौसाक्कानं वाकळेची घडी घातली.

"झालं," ती म्हणाली. "आमचं तुमच्याकडं आलं. तुमचं आमच्याकडं कवा?"

"आमचं काय?" अण्णांनी विचारलं.

"साटंलोटं हाय, पावणं," बापू म्हणाले. "तेच सांगत हुतो. आमच्यात असंच चालतं. एका घरातलं न्यायचं, तर तुमच्या घरातलं आमच्यात द्यायचं. तुमास्नी काय सांगायचं? असली किती जुळवलाईसा तुम्हीच."

जुळवली होती. एका घरची लेक दुसऱ्या घरात, त्या घरची लेक ह्या घरात. कुणाचं कुणावर ओझं नाही, असं ते दोन्हीकडच्या लोकांना समजावून सांगायचे. त्या लेकींशी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"अहो, पण आमच्या घरात इंजिन नाही," अण्णा म्हणाले. "म्हणून तर आलो."

हौसाक्का हसली. "असतंय. एक तरी असतंयच. आम्ही येऊन बघू की."

अण्णांनी तबकातली दोन्ही अर्धकं उचलली आणि एकमेकांवर दाबून धरली. ती जुळेनात. त्यांनी मूठ उघडून पाहिलं. दोन्ही अर्धकं आपापली गोल झाली होती. आता त्या दोन अख्ख्या सुपाऱ्या होत्या.

*

हातगाडीवर इंजिन घालून दोघं घरी पोचली तेव्हा मागचं निम्मं स्वयंपाकघर खणीवर लोंबत होतं. मालन अजून उंबऱ्यावरच होती. शेंगा सोलून झाल्या होत्या. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरासारख्या वर आल्या होत्या.

"मिळालं?" तिनं विचारलं.

रेवतीनं चेनपुली शेवग्याच्या फांदीला अडकवली. इंजिन वर उचललं, गाडीच्या नाकावर आणलं, हळूहळू खाली सोडलं. ते रबरांवर टेकलं तेव्हा घरानं एक लांब सुस्कारा टाकला. तिनं बोल्ट आवळले. किल्ली फिरवली. इंजिन फुरफुरलं, आणि गाडी हातभर पुढं गेली.

घर थांबलं.

मालननं पाय उचलून बघितले. काहीच सरकलं नाही. मग ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. स्वयंपाकघराला आता उतार होता, त्यामुळं ओट्याला धरून चालावं लागत होतं.

चहा घेताना रेवतीनं आईला सगळं सांगितलं. अण्णा कपात बघत होते.

"कुणाला देणार म्हणालासा?" मालननं विचारलं.

"काय म्हणालो न्हाई."

"सुपारी फोडली न्हवं?"

"सवयीनं फुटली," अण्णा म्हणाले.

मालननं त्यांच्याकडं बघितलं. रागानं नाही. आपल्या माणसाला आपण नीट ओळखलं होतं याची खात्री पटावी, तसं. मग ती कप विसळायला गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इंगवल्यांची पांढरी गाडी फाटकासमोर उभी होती. ती आली नव्हती. तिला इंजिन कुठं होतं? ती माळावर होती तिथंच होती. नदी, पूल, उसाची शेतं आणि खोतांचं फाटक एवढं सगळं तिच्याखालून सरकून तिच्यासमोर आलं होतं. हौसाक्का उतरली. मागून बापू उतरले. त्यांनी टोपी नीट केली.

"बघून घेतो," हौसाक्का म्हणाली. तिच्या हातात लांब स्क्रू ड्रायव्हर होता.

अण्णा पुढं झाले. त्यांनी सदऱ्याची बटणं काढली. "मला न्या. सुपारी मी फोडलीय."

तिनं टोक त्यांच्या छातीला लावलं आणि मूठ कानाला. टोक गार होतं. ती बराच वेळ ऐकत राहिली. अण्णांनी श्वास भरून घेतला, छाती फुगवली, शक्य तेवढा जोर केला.

"फिरतंय," ती बापूंना म्हणाली. "पण ओढत काय न्हाई. नुसतंच फिरतंय."

"ओढीन की! चढ दाखवा कुठला."

"पावणं, गाडी दुधाची हाय. लोकं वाट बघत असत्यात."

मग ती रेवतीकडं वळली. तिनं रेवतीच्या छातीला टोक लावलं. हौसाक्काच्या भुवया वर गेल्या. तिनं मूठ बापूंना दिली. बापूंनी ऐकलं आणि मान डोलावली.

"नवं हाय," ते म्हणाले. "जरा तापतंय लवकर. पण जोर काय म्हणावा!"

"तिचं कशाला ऐकताय? मी सांगतोय न्हवं," अण्णा म्हणाले.

"माझं बघा," मालन दारातून म्हणाली.

ती पदराला हात पुसत आली. हौसाक्कानं टोक लावलं आणि लगेच काढलं. फार ऐकायची गरजच पडली नाही. तिनं स्क्रू ड्रायव्हर भावाकडं दिला. बापूंनी ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कधी बंद पडलंय का?" त्यांनी विचारलं.

"आजारी असताना सुद्धा न्हाई," मालन म्हणाली.

"आई बसणार नाही," रेवती पटकन म्हणाली. ती टेप घेऊन दुधाच्या गाडीकडं धावली. आत हात घालून तिनं मोजलं, मग आईला खांद्यापासून मोजलं. "बघा. जास्त भरतंय. वरचं बॉनेट लागणारच नाही."

"गुडघं पोटाशी घेतलं की बसतंय," हौसाक्का म्हणाली. "समद्या बसत्यात."

रेवतीनं पाना उचलला आणि स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडलं. "तुमचं इंजिन परत न्या. सोयरीक मोडली."

तिनं पहिला बोल्ट ढिला केला. घर कुरकुरलं. फळीवरचं पितळी पातेलं निघालं, ओट्यावरून घरंगळत गेलं आणि मागच्या दारातून बाहेर पडलं. सगळे ऐकत उभे राहिले. बऱ्याच वेळानं पाण्याचा आवाज आला. तिनं दुसरा बोल्ट ढिला केला. शेगडी निघाली. देव्हाऱ्यातली समई निघाली. भिंतीवर तिच्याच उंचीच्या रेघा होत्या, लहानपणापासून कोळशानं काढलेल्या. ती भिंत वाकली.

"रेवती," मालन म्हणाली. "आवळ ते."

"आई, मी…"

"आवळ, बाळ. नीट धर पाना, तिरकं जाईल."

रेवतीनं बोल्ट आवळले. ती रडत होती, पण तिरकं गेलं नाही.

मालननं फाटकाबाहेर चपला काढल्या, कुणाच्या घरात शिरताना काढतो तशा. दुधाच्या गाडीच्या बंपरवर पाय ठेवून ती बॉनेटच्या आत उतरली. चारही रबरांवर तिचे तळहात आणि तळपाय नीट बसले. तिनं गुडघे पोटाशी घेतले. खरंच बसत होती. अण्णांना वाटलं, इतकी वर्षं ही किती कमी जागेत राहत होती, ते आपल्याला ठाऊक होतं का?

"मालन," ते म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींबद्दल बोलताना शब्द कधी कमी पडले नव्हते. "नाही म्हण की."

"तुम्ही म्हणा," ती आतून म्हणाली.

अण्णांनी तोंड उघडलं. बापूंनी बॉनेट खाली केलं.

हौसाक्का स्टिअरिंगवर बसली. तिनं किल्ली फिरवली. धूर नाही, धडधड नाही. एका झटक्यात चालू. बापू बाजूच्या सीटवर चढले आणि दार लावून घेतलं. गाडी वळली तेव्हा अण्णांना दिसलं, बॉनेटच्या फटीतून हिरव्या पदराचं टोक बाहेर राहिलं होतं.

त्यांनी ते पकडलं.

गाडी निघाली. पदर फटीतून बाहेर यायला लागला. आधी काठ आला, मग अंग आलं. लुगडं संपायला हवं होतं तिथं ते संपलं नाही. हिरवं कापड रस्त्यावरून लांबत गेलं, दूध डेअरीच्या पुढं गेलं, शाळेच्या भिंतीला घासत गेलं. अण्णा फाटकात उभे होते. त्यांनी टोक दोन्ही हातांनी धरलं होतं.

रेवतीनं आपली गाडी बाहेर काढली. "सोडू नका, अण्णा! मी कापडाच्या मागनं जाते."

तिची गाडी सुसाट निघाली आणि शेजारच्या दारात थांबली. रेवतीनं पाय दाबला, शिव्या दिल्या, गाडी हलेना. शेजारीण भांडं घेऊन बाहेर आली, तेव्हा कुठं ती पुढं गेली. मग पुढच्या दारात थांबली.

पांढरी गाडी कुठंच थांबत नव्हती. वळणावर पोचल्यावर हौसाक्कानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सोडा, पावणं! पंख्यात गुंतंल! तिला लागंल!"

"सोडू नका!" रेवती दुसऱ्या दारातून ओरडली.

दोघींचंही खरं होतं, हे अण्णांना कळत होतं. गाडी वळणाआड गेली. कापड जमिनीवरून उचललं गेलं, ताठ झालं आणि गावातून एका रेषेत उभं राहिलं. त्यातून मालनचा ठोका येत होता, एकसारखा, मुठीतून मनगटात, मनगटातून खांद्यात. लांब कुठंतरी हौसाक्कानं गिअर बदलला. अण्णांच्या मुठीतलं कापड गरम व्हायला लागलं.